रूथबरोबर खानदेशात

वाईचा माणूस खानदेशातून परत आला की लोक त्याला दोनच गोष्टी विचारतात: ऊन किती होते आणि तिखट किती होते. मी गेलो तो नाताळच्या सुटीत, त्यामुळे उन्हाचा प्रश्नच नव्हता. उलट पहाटे दात वाजत. तिखटाबद्दल पुढे सांगेनच. पण मला जे सांगायचे आहे ते तिसरेच आहे, आणि ते कोणी विचारत नाही म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा बालमित्र दत्तू तंबूत सिनेमा दाखवत गावोगाव फिरतो. मुंबईहून आणलेली चित्रे, हाताने फिरवायचे यंत्र, एक मोठा पडदा आणि दहा-बारा माणसे असा त्याचा संसार. चित्रे बोलत नाहीत. मध्येमध्ये इंग्रजी अक्षरांची पाटी येते. ती वाचून लोकांना गोष्ट समजावून सांगायला पडद्याशेजारी एक माणूस उभा करावा लागतो. तो माणूस घसा बसून नाशकाला घरी गेला आणि दत्तूने मला पत्र टाकले, ‘तुझा आवाज मोठा आहे, इंग्रजी येते, सुटीत घरी बसून काय करणार? ये.’

मी शाळामास्तर. आवाज मोठा आहे हे खरे. पण मी लगेच निघालो त्याचे कारण आवाज नव्हे. माझ्या डगल्याच्या आतल्या खिशात एक पत्र महिनाभर पडून होते, आणि त्याचे उत्तर द्यायचे मी टाळत होतो.

ते पत्र आमच्याच शाळेतल्या वामनरावांचे. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी विषमज्वराने गेला. त्याची बायको सरस्वती तेव्हा वीस वर्षांची. आईने हट्टाने तिचे केस राखले, तिला आपल्याजवळच ठेवले. वामनराव विधुर, सज्जन माणूस. त्यांनी सरस्वतीला मागणी घातली होती. घरचा कर्ता मी, म्हणून पत्र मला. मला मनातून ते पटलेही होते. पण भिक्षुकांच्या आळीत आमचे घर. उद्या श्राद्धाला ब्राह्मण येणार नाही, आईला देवळात कोणी शेजारी बसू देणार नाही, हे डोळ्यांपुढे दिसे आणि हातातला टाक मी खाली ठेवी. आईजवळ विषय काढायचीही छाती झाली नाही. बायको बाळंतपणाला माहेरी, घरी त्या दोघीच. तेव्हा दत्तूचे बोलावणे आले ते बरेच झाले असे म्हणून मी पळ काढला, असे स्पष्ट सांगतो.

जळगाव

जळगावला मी एकदम पोहोचलो नाही. मनमाडनंतर डोळा लागला तो भुसावळलाच उघडला. एवढे मोठे स्टेशन, इतकी इंजिने, की जळगाव केवढे वाढले असे वाटून मी खुशाल ट्रंक उतरवून घेतली. हमाल म्हणाला, “जळगाव मागे राहिलं, मास्तर.” मी मास्तर आहे हे त्याला कसे कळले देव जाणे. बहुधा असली चूक मास्तरच करत असावेत. उलट्या गाडीने परत आलो तेव्हा दत्तू फलाटावर उभा होता आणि पोट धरून हसत होता.

खानावळीत त्याने मला शेवेची भाजी खाऊ घातली. पहिल्या घासाला चांगली लागली, दुसऱ्याला कान गरम झाले आणि तिसऱ्याला मला माझे दिवंगत आजोबा दिसले. वाढणारा आचारी प्रेमाने म्हणाला, “पाहुण्यांसाठी तिखट कमीच टाकलंय.”

जेवताना दत्तूने मला चित्राची गोष्ट सांगितली. बायबलातली होती. नामी नावाची एक बाई दुष्काळात गाव सोडून नवरा आणि मुलांसह परमुलखात जाते. तिथे नवरा मरतो, मुलांची लग्ने होऊन तीही मरतात. नामी सुनांना सांगते, तुम्ही माहेरी जा. पण रूथ नावाची सून ऐकत नाही. ती म्हणते, तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक. दोघी नामीच्या गावी परत येतात. रूथ दुसऱ्यांच्या शेतात पडलेली कणसे वेचून सासूला जगवते. त्या शेताचा मालक बवाज, नामीच्या नात्यातला. आणि शेवटी—

“शेवटी काय?” मी विचारले.

“सासूच पुढाकार घेते आणि रूथचं बवाजशी लग्न लागतं.”

माझा घास हातातच राहिला. ज्या गोष्टीपासून पळून मी दीडशे कोस आलो, ती माझ्या आधीच तिकीट काढून येऊन बसली होती.

“दत्तू, हे लोकांना सांगता येणार नाही. विधवेचं लग्न? तंबू पेटवतील.”

“पडद्यावर दिसतंच आहे रे, मी काय करू?”

“तू यंत्र फिरव. सांगायचं माझ्यावर सोड.”

त्या संध्याकाळी मी जे केले ते आजही आठवून लाज वाटते. रूथ रडली तोवर मी ठीक सांगितले. कणसे वेचण्याच्या वेळी तर मला चांगलाच सूर सापडला. पण पुढे बवाजला मी तिचा धर्माचा भाऊ करून टाकले. लग्नाचा थाट आला तेव्हा म्हणालो, हा सुगीचा उत्सव. शेवटी नामीच्या मांडीवर गुटगुटीत मूल दिसते. ते मी शेजारणीचे म्हणून सांगितले. शहरातले लोक सभ्य. कोणी काही बोलले नाही. बाहेर पडताना मात्र एक वकीलसाहेब माझ्याकडे बघून मिशीत हसले आणि म्हणाले, “शेजारणीचं मूल फारच लाडकं दिसतंय हो.”

दत्तू दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. त्याला आपल्या चित्राचा अभिमान होता.

धरणगाव

धरणगावला तंबू झिपरूभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या मोकळ्या जागेत पडला आणि आमचा मुक्कामही त्यांच्याच ओसरीवर. झिपरूभाऊ चाळिशीचे, अंगाने पहिलवान, बोलणे मोजकेच. त्यांची बायको जिजा, दोन मुलगे, आणि घरावर राज्य करणारी एक म्हातारी. तिला सगळे बनाअक्का म्हणत. झिपरूभाऊंची आई असावी असे मी धरून चाललो. ती आल्या आल्या मला म्हणाली, “मास्तर, तुम्हीन लई वाळेल शेतस. जेवा.” मी वाळलेलो आहे हे आमच्याकडेही लोकांना दिसते, पण तोंडावर कोणी सांगत नाही. मला ती तत्क्षणी आवडली.

इथे तंबूतली बसण्याची रीत न्यारी होती. पडदा मधोमध टांगून पाण्याने भिजवायचा, म्हणजे चित्र दोन्ही अंगांनी दिसते. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. बायकांना सगळे उलटे दिसे. उजवा हात डावा होई. माझी जागा पडद्याच्या कडेला, म्हणजे दोन्ही राज्यांच्या सीमेवर.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. रूथ सासूला बिलगून रडली तेव्हा पलीकडून इतके हुंदके आले की यंत्राची घरघर ऐकू येईना. ती कणसे वेचायला वाकली, आणि पुरुषांतून कोणी तरी मोठ्याने म्हणाला, “सरवा येची राहिनी!” सगळ्या तंबूत ओळखीची कुजबुज पसरली. मी तोवर ‘पडलेली कणसे’ म्हणून लांबण लावत होतो; त्यांच्याकडे त्या कामाला एक शब्द होता. सुगी झाल्यावर शेतात जे राहते ते सरवा, आणि ते वेचायचा हक्क गरिबाचा.

पुढे वेशीजवळ पंच बसतात तो देखावा आला. रूथवर पहिला हक्क असलेला नातलग आपला हक्क सोडतो आणि साक्ष म्हणून पायातला जोडा काढून बवाजला देतो. त्यांची तशी चाल होती. मी हे सांगू शकत नव्हतो, कारण सांगायचे तर लग्नाचे सांगावे लागले असते. म्हणून गप्प राहिलो. नातलगाने जोडा हातात घेतला मात्र, सगळा तंबू उठून उभा राहिला. पंचांसमोर जोडा हातात घेतला म्हणजे आता कोणाच्या तरी डोक्यात बसणार, याबद्दल धरणगावात कोणालाच शंका नव्हती.

“त्यानी जोडा काढा रे!”

“मार त्याले! मार!”

कोणी नातलगाच्या बाजूचे, कोणी बवाजच्या. एकाने उत्साहात स्वतःचा जोडा पडद्याकडे फेकला. तो पडद्यावरून पलीकडे बायकांत पडला आणि तिकडून दुप्पट वेगाने परत आला. बवाजने जोडा शांतपणे हातात घेतला, दोघे हसले, आणि लोक निराश होऊन खाली बसले.

मग लग्न आले. मी घसा साफ करून म्हणालो, “आणि अशा रीतीने गावात सुगीचा मोठा उत्सव झाला.” मग मूल आले. “नामीने शेजारणीचे मूल मोठ्या मायेने—”

“ओ मास्तर!”

आवाज पडद्यापलीकडून आला. बनाअक्काचा.

“खोटं काबर सांगतस? त्यानी तिले पाट लायेल शे! हाऊ तिना नातू शे, शेजारीननं पोर नही! आम्हले उलटं दिसस, पन दिसस ना!”

दोन्ही बाजू खदखदून हसल्या. पाट म्हणजे विधवेचे दुसरे लग्न. तंबू पेटला नाही, कोणी उठून गेले नाही. अब्रू गेली ती एकट्या माझी. यंत्राशेजारी दत्तू इतका हसत होता की हात थांबला आणि शेवटी नामी नातवाचा मुका घेता घेता तशीच थबकून राहिली.

शिवारात

दुसऱ्या दिवशी मी बनाअक्काची नजर चुकवत होतो. तिनेच मला धरले. “चला, तुम्हले सरवा दाखाडस,” असे म्हणून ती मला गाडीत घालून शेतावर घेऊन गेली.

जोंधळा कापून झाला होता. (त्यांच्याकडे जुवारी.) अजून शेवटच्या पट्ट्यातली कणसे खुडणे चालू होते. झिपरूभाऊ आणि जिजा पुढे, आणि त्यांच्या मागे बरेच अंतर ठेवून दोन गरीब बायका वेचत येत होत्या. मी बांधावर बसून बघत राहिलो. थोड्या वेळाने एक गोष्ट लक्षात आली. झिपरूभाऊंच्या टोपलीतून मध्येमध्ये कणीस पडे. एवढा तरबेज माणूस, आणि दर पाच-सात पावलांवर कणीस पाडतो! मी सांगायला उठलो, तसा अक्काने माझा हात धरून खाली बसवले.

“बसा. तो पाडी राहिना.”

हेच मी आदल्या दिवशी पडद्यावर पाहिले होते. बवाज गड्यांना सांगतो, तिच्यासाठी मुद्दाम पेंढीतून काढून टाका. बायबल लिहिणाऱ्याने धरणगाव कधी पाहिले नसेल आणि झिपरूभाऊंनी बायबल.

दुपारी बांधावर कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली. ती लाकडी भांड्यात कुटून, वर हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे जुवारीत उडीद घालून दळलेली. आमच्या वाईला कृष्णाकाठच्या वांग्यांचा भारी अभिमान; पण खरे सांगतो, हे भरीत खाल्ल्यावर मी तो विषय पुन्हा काढणार नाही. तिखट होतेच. यावेळी मी रडलो तरी कोणी विचारणार नव्हते, ही एक सोय.

जेवण झाल्यावर अक्काने विचारले, “काल खोटं काबर सांगं, मास्तर?”

मी म्हटले, “अक्का, तुमच्या या मुलासारखे लोक रागावतील असं वाटलं.”

ती तोंडाला पदर लावून हसली. “झिपरू मना आंडोर नही. मना आंडोर गया, त्याले बारा वरीस व्हई ग्यात. हाई जिजा मनी वहू.”

आंडोर म्हणजे मुलगा. म्हणजे जिजा तिची सून, मेलेल्या मुलाची बायको. आणि झिपरूभाऊ त्या सुनेचा दुसरा नवरा.

“बठ्ठा लोके म्हनेत, तिले बापना घर धाडी दे. ती म्हने, आत्या, तुले सोडीसन मी कोठेच जाव नही. मंग मीच तिना पाट लाई दिन्हा. पन झिपरूले अट घाली.”

“कसली?”

“म्हनं, वहू लई जा, पन माले बी लई जा!”

सुनेला नेतोस तर मलाही ने, ही अट सांगून ती इतकी हसली की तिकडे काम करणाऱ्या जिजाने मान वर करून पाहिले आणि तीही हसली. कोणती गोष्ट चालली आहे हे तिला लांबूनच कळले असावे.

मग अक्का एकदम गंभीर झाली. “तुमना घरमा शे का कोनी अशी?”

कोणाला न सांगितलेले मी तिला सांगितले. भाऊ, सरस्वती, वामनराव, खिशातले पत्र, सगळे. आळी, भिक्षुक, श्राद्ध हेही सांगितले. ते शेताच्या बांधावर सांगताना फार लहान वाटत होते.

“मायले इचारं का?”

“नाही.”

“वहूले?”

“आमच्यात थोरला दीर भावजयीशी असं बोलत नाही, अक्का.”

“मंग तुम्हीन कोनले इचारी राहिनात? भिक्षुकले?”

निघताना तिने सरव्यातल्या कणसांची एक जुडी बांधून माझ्या हातात दिली. वेचणाऱ्या बायकांकडून तिने ती मागून घेतली होती. “हाई तुमनी मायले द्या. सांगा, धरणगावनी एक सासूनी धाडी.”

धुळे

धुळ्याला तंबू खच्चून भरला; इथेही पडद्याच्या अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. थंडी इतकी की लोक घोंगड्या पांघरून आले होते. खेळाआधी मी दत्तूला म्हणालो, “आज आहे तसं सांगणार.”

तो म्हणाला, “बघ बुवा. इथे तुझे वाईकर भाऊबंदही पुष्कळ आहेत. पुढच्या रांगेत पगड्या दिसताहेत.”

मी त्या पगड्या मोजून पाहिल्या, खोटे कशाला बोलू. पण त्या संध्याकाळी मी काही लपवले नाही. जोड्याची साक्ष समजावून सांगितली, त्यामुळे कोणी जोडा फेकला नाही. लग्नाला लग्न म्हटले. आणि शेवटी म्हणालो, “हे मूल रूथचं, नामीचा नातू. गावच्या बायका तिला म्हणाल्या, सात मुलांपेक्षा तुझी ही सून तुला अधिक आहे.” ते पाटीवर होते तसेच्या तसे सांगितले, आदल्या खेळांत मी ती पाटी वाचलीच नव्हती.

पुढच्या रांगेतले दोन पगडीवाले उठून गेले. मला वाटले होते त्यापेक्षा ते फारच थोडे होते. पडद्यापलीकडे मात्र कोणी उठले नाही. खेळ संपल्यावरही बायका बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

दत्तूने यंत्र पुसता पुसता एवढेच म्हटले, “आता आलं चित्र पुरं.”

वाई

घरी पोहोचलो तेव्हा आई ओसरीवर वाती वळत होती. मी कणसांची जुडी तिच्यापुढे ठेवली आणि कोणी धाडली ते सांगितले. तिने ती कणसे उलटसुलट करून पाहिली. “कोण रे ही सासू?”

मग मी तिला गोष्ट सांगितली. दत्तूचे चित्र तिने पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही. पडदा नव्हता, पाट्या नव्हत्या. मी नामीची सांगितली, रूथची सांगितली, सरव्याची सांगितली. त्यातच बनाअक्का आणि जिजा केव्हा आल्या कळले नाही. स्वयंपाकघरातली भांड्यांची खळखळ मध्येच थांबली. सरस्वती दाराआड उभी राहून ऐकत होती.

गोष्ट संपली. आई बराच वेळ कणसांतला एकेक दाणा बोटाने चाचपत राहिली. मग म्हणाली, “त्या नामीनं आपण होऊन तिचं लग्न लावलं?”

“हो.”

“तिला कोणी विचारलं होतं का आधी?”

“कोणाला?”

“त्या नामीला रे.”

कणसे बाजूला ठेवून आई म्हणाली, “तुळशीच्या लग्नानंतर तुझा डगला धुवायला काढला, तेव्हा खिशात कागद सापडला. मला मेलीला कुठं वाचता येतं? म्हणून सरूलाच वाचायला दिला. अर्ध्यावर तिचा आवाज बसला. तेव्हा कळलं मला कशाचा कागद आहे तो. घडी घालून परत ठेवला. म्हटलं, घरचा कर्ता आहे, आज विचारील, उद्या विचारील. तू खानदेशात गेलास.”

“आई, आळीतले लोक—”

“आळीतल्यांनी तीन वर्षांत कधी विचारलं, सरू जेवली का म्हणून?”

तिचे डोळे भरून आले होते आणि माझेही. मी खिशातून पत्र काढले. महिनाभर अंगाशी राहून त्याची घडी मऊ झाली होती. उत्तर लिहायला टाक शोधण्यासाठी मी उठणार, तोच दार हलले.

सरस्वती बाहेर आली. तीन वर्षांत ती कधी माझ्यासमोर अशी आली नव्हती. खाली मान घालून तिने दौत आणि टाक माझ्यापुढे ठेवला, आणि आत न जाता आईजवळ जाऊन बसली.